बारा पोती सुके बोंबील

मी तापट माणूस आहे. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पोरं मला पाठीमागे ‘फटाका’ म्हणायची आणि ते मला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर हा तापटपणा काढायला जागा हवी होती, ती छोट्या रेल्वेगाड्यांमध्ये सापडली. आमचं अकरा जणांचं मंडळ आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत विखुरलेली माणसं, पण खूळ एकच: खऱ्या गाड्यांच्या छोट्या, हुबेहूब प्रतिकृती करायच्या. मी सचिव. पट्टी घेऊन प्रत्येकाचा डबा मोजायचा आणि चुका काढायच्या हे माझं काम. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं.

सांगायचंय ते अनंताबद्दल. मध्ये मध्ये मी येईन, त्याला इलाज नाही.

अनंता वर्सोव्याचा कोळी, आता बासष्ट वर्षांचा. बाप, आजा, सगळे मासेमारी करणारे. पण अनंताला लहानपणी समुद्र लागायचा. होडी खाडीबाहेर गेली की ह्याच्या उलट्या सुरू. सगळा कोळीवाडा हसायचा, बाप तर चारचौघांत कपाळावर हात मारून घ्यायचा. शेवटी पोरगा किनाऱ्यावरच राहिला आणि होड्या बांधायला शिकला. शिकला तो असा की बापाच्या पिढीतले म्हातारे त्याच्याकडे आपली होडी घेऊन यायला लागले. पुढे फायबरच्या होड्या आल्या, लाकडाचं काम कमी झालं, आणि ह्याच्या हातांना काही सुचेना. तेव्हा कुठल्याशा वर्तमानपत्रात आमच्या मंडळाची चार ओळींची बातमी वाचून तो एका रविवारी आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेला फूटभर लांबीचा मालगाडीचा डबा होता. होडीच्या सागवानाच्या तुकड्यांतून केलेला.

मी तो लगेच मोजला. एक बाजू दुसरीपेक्षा दोन मिलिमीटरने मोठी होती. तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं. तो हसून म्हणाला की होडीच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात, तरी ती तरंगते. मला राग आला. पुढच्या रविवारी त्याने दुसरा डबा आणला, त्यात केसाइतकीही चूक नव्हती. तेव्हाही मला रागच आला.

अशी आमची मैत्री झाली. सहा वर्षं टिकली. तो मला ‘सर’ म्हणायचा, मी त्याला ‘अनंता’. माझ्या घरी आला की माझी बायको अनुपमा त्याच्यासमोर चहा ठेवायची आणि तो आधी कपाखालचं टेबल हलवून बघायचा. हललं तर पुढच्या वेळी पाचर घेऊन यायचा. आमच्या घरातलं एकही टेबल आता हलत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही प्रदर्शन ठरवलं. विषय माझाच होता: संकटात माणसांच्या मदतीला धावलेल्या गाड्या. कुणी बहात्तरच्या दुष्काळात धान्य आणणारी मालगाडी घेतली, कुणी लातूरला पाणी नेणारी, कुणी डॉक्टर आणि ऑपरेशनच्या खोल्या घेऊन खेडोपाडी फिरणारी. अनंता म्हणाला, मी कच्छच्या भूकंपाच्या वेळचा मालडबा करणार. एकच. मी म्हटलं, अरे, तो साधा बंद डबा, त्यात बघण्यासारखं काय? तो म्हणाला, तुम्ही एकदा वर्सोव्याला या, मग सांगतो.

गेलो. खाडीकाठी पत्र्याखाली त्याची कामाची जागा आहे. त्याची बायको कमळ तेव्हा अंधेरीच्या बाजारात मासे विकायला गेली होती. अनंताने मला पालथ्या घातलेल्या एका जुन्या होडीवर बसवलं आणि पॉलिशपेपर घासत घासत, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं.

भूकंप झाला तेव्हा त्यांच्या भागातल्या पोरांनी मदत गोळा केली होती. ब्लँकेटं, भांडी, पीठ. मालगाडीचा एक डबा मिळाला. कोळीवाड्यातल्या बायका म्हणाल्या, आमच्याकडे काय आहे? आमच्याकडे सुके बोंबील आहेत. त्या वर्षी मासळी चांगली लागली होती. बारा घरांनी एकेक पोतं दिलं. आता हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो: पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेव्हा घरात जे खायचं ते हेच. म्हणजे त्यांनी आपला पावसाळा दिला होता. पहिलं पोतं अनंताच्या आईने, शेवंतीबाईंनी दिलं, दुसरं कमळने.

मालधक्क्यावर पोरं म्हणाली, हे नको. जिथे जायचंय तिथली माणसं मासळी खात नाहीत. पोती बाजूला ठेवा. अनंताला ती बारा पोती परत न्यायची हिंमत झाली नाही. बारा दारांत उभं राहून काय सांगायचं? पोरं चहाला गेल्यावर त्याने पोती डब्यात अगदी मागे रचली आणि वर ब्लँकेटं टाकून झाकली. डबा चार दिवस बंद, उन्हातून गेला. अनंता बाकीच्यांबरोबर दुसऱ्या गाडीने पुढे पोचला होता. तिकडे डबा उघडला, आणि दोनशे ब्लँकेटांना बोंबलांचा वास.

कुणी ओरडलं नाही, असं अनंता म्हणाला. ज्यांच्या घराची एक भिंत उरली नव्हती अशी माणसं रांगेत उभी होती. एका म्हातारीने ब्लँकेट हातात घेतलं, नाकाजवळ गेल्यावर थांबली, ते हळूच जमिनीवर ठेवलं आणि अनंताला हात जोडले. मग त्या थंडीत नुसती ओढणी घेऊन बसून राहिली. ती रागावली असती, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने खड्डा खणला आणि बाराही पोती पुरली.

परत आला तेव्हा बारा बायका वाट बघत होत्या. खाल्ले का रे लोकांनी? अनंता म्हणाला, बोटं चाटून खाल्ले.

त्यानंतर पंचवीस वर्षं कोळीवाड्यात हे बोललं जातंय. होळीला, नारळी पुनवेला, कुणाच्या लग्नात, आमचे बोंबील कच्छला गेले होते म्हणून कुणीतरी सांगतंच. शेवंतीबाई जाईपर्यंत सांगत होत्या. आणि दर वेळी अनंता तिथून उठून जायचा.

आता त्याला हे कमळला सांगायचं होतं. तोंडाने सांगायचा प्रयत्न त्याने पुष्कळ वेळा केला होता, जमलं नव्हतं. म्हणून हा डबा. दोन्ही दारं बंद, बाहेर कागदाची पाटी, ‘दार उघडा’. आत ब्लँकेटं, मागे अंगठ्याएवढी बारा पोती, आणि पोत्यांत खरे सुके बोंबील, कात्रीने नखाएवढे कापलेले. "कमळ दार उघडेल, वास येईल," तो म्हणाला. "मग मला बोलावंच लागेल, सर. दार उघडल्यावर कुठं पळणार?"

मी हेलावलो होतो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, तुझा डबा मी हॉलच्या मधोमध ठेवतो.

पोती कमळनेच शिवली. तिला वाटलं, आपल्या बायकांचा मान म्हणून नवरा हे करतोय. प्रत्येक पोत्यावर तिने लाल दोऱ्याने एकेक अक्षर काढलं. शेवंतीचं ‘शे’, स्वतःचं ‘क’, अशी बारा जणींची बारा. त्यातल्या पाच आता हयात नाहीत.

जानेवारीतला शेवटचा रविवार ठरला होता. हॉल कांदिवलीतल्या एका सोसायटीचा. सोसायटी शाकाहारी. हॉलमध्ये काय आणायचं नाही याची यादी दाराशीच काळ्या फळ्यावर रंगवलेली आहे. अध्यक्ष सज्जन माणूस, आम्हाला हॉल नेहमी आनंदाने देतात. शनिवारी दुपारी अनंता डबा ठेवून गेला आणि मी एकटाच मांडामांड करत राहिलो. संध्याकाळी सहज त्याचं दार उघडून बघितलं.

वास आला. चांगला खणखणीत आला. क्षणभर मी खूश झालो, जमलंय म्हटलं. मग माझी नजर त्या फळ्यावर गेली. हॉलच्या खिडक्या बंद, एसी चालू. मी दार लावून टाकलं, तरी पाच मिनिटांनी मला वास यायला लागला. खरा येत होता की माझ्या डोक्यात, ते आजही सांगता येणार नाही. कुणी काही बोललं नव्हतं. अध्यक्ष तर त्या दिवशी हॉलकडे फिरकलेही नव्हते. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे केलं ते मला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

घरी जाऊन वाटीभर साबुदाणा आणला. माझ्या दोन पांढऱ्या रुमालांचे तुकडे कापले, बारा पिशव्या शिवल्या, त्यांत साबुदाणा भरला, तोंडं बांधली. मग चिमट्याने आतली पोती एकेक करून बाहेर काढली आणि माझी रचली. लाल अक्षरं मला दिसली होती. काम इतकं नेटकं झालं की ते बघून मला बरंही वाटलं. कमळची पोती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, दोन गाठी मारल्या आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. रविवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन ती कांजूरमार्गच्या कचराभूमीत गेली असणार.

मनाला सांगितलं की अनंताला जे बोलायचंय ते वासाशिवायही बोलता येईल. एवढं काय त्यात. त्याला फोन करून कळवावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. तो भांडला असता तर मी केला असता फोन. तो ‘बरं सर’ म्हणाला असता, ते मला ऐकायचं नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमाराला अनंता आला. इस्त्रीचा शर्ट, ओठ कोरडे पडलेले. बरोबर कमळ आणि त्या बारातल्या तिघी म्हाताऱ्या. चौघींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, अंगावर सोनं, केसांत अबोली. हॉलमधली माणसं आपसूक बाजूला झाली. कमळने मला विचारलं की आमचा डबा कुठला. मी हात करून दाखवला. तिने पाटी मोठ्याने वाचली, तिघींकडे बघून हसली आणि नखाने दाराची कडी काढली.

काहीच आलं नाही. तिने वाकून आत बघितलं. दोन बोटांनी एक पोतं उचललं, उलटंपालटं केलं, अक्षर शोधलं. मग ते नाकाशी नेलं.

"ही आपली नाय," ती म्हणाली.

अनंताने डब्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. सहा वर्षं तो माझं काम बघत होता, टाका ओळखला असेल. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मी त्याला धरून काहीतरी बोललो असतो. तो नुसता थांबला होता. मी बोलावं म्हणून त्याने मला वेळ दिला, हे मला नंतर समजलं.

कमळने विचारलं, "कुणी काढली?"

अध्यक्ष चार पावलांवर लातूरच्या पाणीगाडीपाशी बायकोला काही दाखवत होते. वर्गात साठ पोरांवर ओरडणारा मी मूग गिळून उभा राहिलो.

"मीच काढली," अनंता म्हणाला. "वास येतो ना गं. चांगल्या लोकांचा हॉल हाय."

कमळचा चेहरा मी बघितला. चाळीस वर्षं ती बाजारात टोपली घेऊन बसते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावलेला तिने हजार वेळा बघितला असेल आणि त्याची तिला कधी पर्वा वाटली नसेल. पण आज घरातल्या माणसाने तो लावला होता. तिने साबुदाण्याचं पोतं जागच्या जागी ठेवलं, कडी लावली आणि तिघींना चला म्हणाली. एक म्हातारी विचारत होती की माझं अक्षर कुठं आहे.

अनंता त्यांच्या मागे गेला. मग दारातून परत आला, डब्यावरची पाटी काढली, घडी करून खिशात घातली आणि गेला.

संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, प्रदर्शन झकास झालं, पुढच्या वर्षीही हॉल तुमचाच. मी त्यांचे आभार मानले.

त्यानंतर अनंता मंडळात आला नाही. मी फोन केला की तो नीट बोलायचा, काम आहे म्हणायचा, अनुपमाची चौकशी करायचा. मीच कधी त्या विषयावर आलो नाही. मी एक सबब शोधून ठेवली होती: कमळला खरं सांगायला गेलो तर ती विचारणार, मग शाकाहारी हॉलात त्यानं खरे बोंबील ठेवलेच कशाला? आणि अनंताचं पंचवीस वर्षांचं गुपित माझ्या तोंडून फुटणार. म्हणजे मी गप्प बसतोय ते त्याच्याचसाठी. हे एकदा अनुपमाला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्याच्या आड लपू नकोस. तुला जायची लाज वाटते, एवढंच आहे."

लाज वाटत होती हे खरंच. रात्रंदिवस वाटत होती. आरशासमोर दाढी करताना वाटायची. मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारत आयुष्य काढलं, आणि एका बाईच्या लाल अक्षरांना मी कचऱ्यात घातलं होतं. तरी जायला तीन महिने लागले.

एप्रिलमध्ये गेलो. अनंता मढला कुणाच्या तरी होडीच्या कामावर होता. कमळ वाळवणावर होती. बांबूच्या वलांडीवर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि ती ओले बोंबील टांगत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. तिने मला बस म्हटलं. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"पोती मी काढली. अनंताने नाही."

तिचे हात थांबले नाहीत. पाच-सहा जोड्या टांगून झाल्यावर तिने बोलायला सुरुवात केली. त्याच दिवशी घरी आल्यावर अनंताने सगळं सांगितलं होतं. त्या तिघींना बसवून घेतलं आणि कच्छचं सगळं, ब्लँकेटं, म्हातारी, खड्डा, काही न ठेवता सांगितलं. तिघींतली एक रडली, एकीने त्याला शिव्या घातल्या. कमळ दोन दिवस जेवली नाही. मग तिला वाटलं, बारा जणी वाट बघत उभ्या, तेव्हा हा आणखी काय बोलणार होता? तिच्यावर वेळ आली असती तर तीही तेच बोलली असती. ते तिने मनातून काढून टाकलं.

"पन ही पोती मीच काढली, हे बोलनं त्यानं सोडलं नाय," ती म्हणाली. "मी तीनदा इचारलं. म्हटलं, ह्या वासावर घर चाललं, पोरं शिकली, आनि तुला लोकांसमोर त्याची लाज वाटली? खाली मान घालून बसला. बोलला, वाटली. तीन महिने मी त्याच्याशी धड बोलले नाय, मास्तर. एका घरात ऱ्हाऊन."

म्हणजे अनंताने स्वतःचं जुनं खोटं बायकोसमोर टाकून दिलं होतं, आणि त्याच दिवसापासून माझं सांभाळत बसला होता. हे मला माहीतच नव्हतं. ज्या गुपिताच्या आड मी तीन महिने लपलो होतो ते पहिल्याच दिवशी संपलं होतं. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "त्यानं माझी अब्रू राखली."

कमळने पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. ती रागावलेली नव्हती. तिला एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती.

"मी तितं इचारलं, कुनी काढली," ती म्हणाली. "तवा तू बाजूलाच उभा व्हतास ना?"

"होतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुढचे दोन बोंबील उचलायला वाकली.